आठ हजार सत्रं आणि एक डोंगर

पत्र

ताई, मी ३१ वर्षांची फिजिओथेरपिस्ट. पाच वर्षं नाशिकच्या एका ऑर्थो ओपीडीत काढली, दोन वर्षांपूर्वी स्वतःचं छोटं क्लिनिक टाकलं. मधूनमधून एका स्वयंसेवी संस्थेच्या शिबिरांना जात होते. आता तीच संस्था मला बांगलादेशात, कॉक्स बाजारच्या रोहिंग्या छावण्यांत, पुनर्वसन प्रकल्पाची व्यवस्थापक म्हणून पाठवते आहे. मुदत बारा महिने. प्रस्ताव माझ्याआधी कुणीतरी लिहिला आणि तो मंजूरही झाला. त्यात आहे : ८,००० फिजिओथेरपी सत्रं, ३०० व्हीलचेअर, १०० घरच्या माणसांचं प्रशिक्षण. हाताशी तीन फिजिओ आणि सहा रोहिंग्या स्वयंसेवक. मी गुडघे-खांदे बघणारी बाई. लॉगफ्रेम (प्रकल्पाची उद्दिष्टं आणि आकडे मांडणारा तक्ता) हा शब्द गेल्या महिन्यात पहिल्यांदा ऐकला. साहेब म्हणतात, "आकडे गाठलेस की झालं." मला रात्री झोप लागत नाही. पेशंटला हात न लावता एक्सेलवरच वर्ष जाणार की काय, ही दुसरी भीती. आणि आई रोज विचारते, चालतं क्लिनिक बंद करून हे कशाला? सुरुवात कुठून करू?

— पायथ्याशी उभी, नाशिक

उत्तर

प्रिय पायथ्याशी उभी,

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी कॅल्क्युलेटर काढला. तूही काढ. आकड्यांनी झोप उडवली असेल तर त्यांच्याशी भांडायलाही आकडेच लागतात.

बारा महिने कागदावर आहेत. पहिले दोन परवानग्या आणि माणसं नेमण्यात जातील. बांगलादेशात परदेशी निधीच्या प्रकल्पाला एनजीओ अफेअर्स ब्युरोची मंजुरी लागते. मग कॉक्स बाजारला निर्वासित आयुक्तांचं कार्यालय, मग ज्या छावणीत काम करायचं तिचे कॅम्प-इन-चार्ज, ज्यांना तिथे सगळे सीआयसी म्हणतात. शेवटचा महिना सोपवासोपवीचा. उरले नऊ. शुक्रवार-शनिवार, दोन्ही ईद, पावसात पायवाटा घसरड्या झाल्यामुळे बुडणारे दिवस हे सगळं वजा केलं की महिन्याला वीस दिवस मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे १८० दिवस. आता ८,००० ला १८० ने भाग. रोज ४४ सत्रं. तिघांत माणशी पंधरा.

पंधरा तुझ्या नाशिकच्या ओपीडीत होतही असतील. एकाला आयएफटीचं, म्हणजे दुखण्यावरचं विजेचं, यंत्र लावायचं, दुसऱ्याला शेक, तिसरा कोपऱ्यात सायकल मारतोय. छावणीत तसं नाही. बांबूच्या पायऱ्या चढून, ताडपत्रीच्या झोपडीत वाकून शिरून, पेशंटच्या सासूशी दोन शब्द बोलून मग काम सुरू करायचं, अशा भेटी दिवसाला पाच होतात, सहा झाल्या तर पाय बोलायला लागतात. केंद्रावर नीट, वेळ देऊन काम केलं तर एका फिजिओला आठ-नऊ पेशंट. दोघं केंद्रात आणि एक घरोघरी असं धरलं, तर १८ आणि ५ मिळून तेवीस. तेवीस गुणिले १८० म्हणजे ४,१४०. प्रस्तावाच्या जेमतेम निम्मे.

या चार हजारांचे आठ हजार कसे होतात तेही सांगून ठेवते, कारण ते तुझ्या नाकाखाली होईल. सत्र दहा मिनिटांवर येतं. एका झोपडीतल्या चौघांना एकदम गुडघ्याचे व्यायाम दाखवले की वहीत चार रेघा पडतात. पाठदुखीचा पेशंट पुन्हा पुन्हा येतो, कारण तो चालत येऊ शकतो. आणि पक्षाघातानंतर टेकडीवरच्या झोपडीत पडून असलेल्या बाईकडे कुणी चढत नाही, कारण तिच्या एका सत्राला अर्धा दिवस जातो आणि वहीत मात्र एकच रेघ पडते. यात कुणीही लबाड नसतं. पाणी उताराकडे जातं तसं काम सोप्या पेशंटकडे जातं, आणि तो उतार आकड्याने तयार केलेला असतो.

तेव्हा सुरुवात इथून कर. हा हिशोब एका पानावर मांड आणि निघण्याआधीच साहेबांसमोर ठेव. "होणार नाही" असं म्हणू नकोस, त्याने फक्त तुझ्या नावापुढे एक फुली पडेल. "या माणसांत आणि या दिवसांत यातलं काय हवंय?" असं विचार, आणि तुझा पर्याय तयार ठेव. उदाहरणार्थ, ५०० माणसं, सरासरी आठ सत्रं प्रत्येकी, त्यातली निदान तिसरा हिस्सा घरी जाऊनच बघायची अशी. सत्रं चार हजारच होतात, पण आता मोजणी माणसांची झाली. देणगीदाराकडे हा बदल पहिल्या तिमाहीतच मागायचा. दहाव्या महिन्यात सांगितलेली अडचण त्यांना सबब वाटते, दुसऱ्या महिन्यात सांगितलेली नियोजन वाटते. आणि करारात एका खर्चाच्या बाबीतून दुसऱ्या बाबीत किती रक्कम परवानगीशिवाय हलवता येते हे लिहिलेलं असतं. तेवढं कलम विमानात बसण्याआधी वाच. तू पुढे त्याचीच आठवण काढशील.

आता लॉगफ्रेम. अगं, तू हे गेली सात वर्षं रोज करते आहेस. एसओएपी नोट लिहितेस ना? पेशंट काय सांगतो, तुला काय दिसतं, त्यावरून तू काय ठरवतेस, मग पुढे काय करणार. शॉर्ट टर्म गोल, लाँग टर्म गोल. अमुक दिवसांनी पुन्हा तपासणी. लॉगफ्रेम म्हणजे एका पेशंटच्या जागी पाचशे पेशंटची केस शीट, बाकी काही नाही. त्यात 'गृहीतकं' नावाचा रकाना असतो, तो तुझा प्रिकॉशन्सचा रकाना समज : परवानगी वेळेत मिळेल, चक्रीवादळ येणार नाही, छावणीत जायला बंदी होणार नाही. आता मला सांग, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आलेल्या आजींच्या कागदावर तू लाँग टर्म गोल म्हणून 'वीस सत्रं पूर्ण करणे' असं लिहिशील का? 'एकट्याने संडासला जाऊन येणे' असंच लिहिशील. तुझ्या प्रस्तावात मात्र नेमकं ते 'वीस सत्रं' लिहिलंय.

हे मला कुठून कळलं ते सांगते. शहाणपण म्हणून सांगत नाही, पोटात दुखतं म्हणून सांगते.

२०१५ चा २५ एप्रिल तुला आठवत असेल. नेपाळचा भूकंप, ७.८ चा. जवळपास ९,००० माणसं गेली, २२,००० च्या आसपास जखमी झाली. जखमी म्हणजे आमच्या भाषेत कण्याची दुखापत, तुटलेली हाडं, कापलेले पाय. काठमांडूपासून जवळच साँगा इथे कण्याच्या दुखापतींचं पुनर्वसन केंद्र आहे. तिथे असलेल्या खाटांच्या दुपटीहून अधिक पेशंट भरती झाले. मी जूनमध्ये पोहोचले, एका छोट्या संस्थेतर्फे, तीन महिन्यांसाठी. आमच्या प्रस्तावात व्हीलचेअर होत्या. आम्ही चाळीसेक दिल्या. फोटो काढले, सह्या घेतल्या, अहवाल पाठवला. अहवाल फार छान होता.

वर्षभराने स्वतःच्या खर्चाने परत गेले, तेव्हा डोंगरातल्या एका घरी चढून गेले. मोटार जिथे थांबते तिथून वर मोजून त्र्याहत्तर पायऱ्या. आम्ही दिलेली खुर्ची ओसरीत होती, तिच्यावर सरपण रचलेलं. ज्याला दिली होती तो तिशीचा गडी आत पालथा झोपला होता. पालथा, कारण बसायच्या हाडावर माझी मूठ जाईल एवढी जखम. खुर्ची रुग्णालयात पेशंट ढकलायला वापरतात तशी होती, बैठक रुंद, झोळीसारखी, वर उशी नाही. त्याला दर अर्ध्या तासाला हातांवर भार देऊन ढुंगण उचलायचं असतं हे कुणी शिकवलेलं नव्हतं. म्हणजे मी शिकवलं होतं, एकदा, दुभाष्यामार्फत, फोटोच्या गडबडीत. त्याच्या आईने मला चहा दिला. एका शब्दाने बोलली नाही.

तेव्हापासून मी कोणताही प्रकल्प शेवटच्या दिवसापासून उलटा आखते, आणि तुला माझं सांगणं एवढंच आहे. एक कोरा कागद घे. त्यावर तुझ्या परतीच्या विमानाची तारीख घाल. मग स्वतःला विचार : त्या दिवशी सकाळी टेकडीवरच्या त्या बाईला कोण कुशीवर वळवणार आहे? कापलेल्या पायाच्या मुलाचा जयपूर फूट किंवा पॉलिप्रॉपिलीनचा पाय सहा महिन्यांत आखूड पडेल, तेव्हा तो कुठे जाईल? वाढत्या वयाच्या मुलाचा कृत्रिम पाय सहा महिने ते वर्षभरात बदलावा लागतो, मोठ्या माणसाचा तीन ते पाच वर्षांत. तुझा प्रकल्प मात्र बारा महिन्यांचा. म्हणून ज्या मुलाचा पुढचा पाय कुठून येईल हे ठरलेलं नाही, त्याला पहिला पाय देताना दहा वेळा विचार कर. देऊच नकोस असं मी म्हणत नाही. आधी दार शोध, मग पाय दे.

हे दार शोधणं म्हणजेच गरजांची पाहणी. लोक पाहणी म्हणजे पेशंट मोजणं समजतात. पेशंट मोजावे लागतातच, त्यासाठी सहा प्रश्नांचा वॉशिंग्टन ग्रुपचा संच आहे : बघणं, ऐकणं, चालणं, लक्षात ठेवणं, स्वतःची कामं, बोलून समजावणं यांत अडचण आहे का, किती आहे. "घरात कुणी अपंग आहे का?" असं विचारलंस तर निम्मी घरं नाही म्हणतील, म्हातारीला तर कुणी धरणारच नाही. पण पेशंटबरोबर तिथे आधीपासून काय आहे तेही मोज. सरकारी उपजिल्हा रुग्णालयात कोण बसतं, दुसऱ्या कोणत्या संस्था त्याच छावणीत पुनर्वसनाचं काम करतात, कोण कधी निघून जाणार आहे. समन्वयाच्या बैठका कंटाळवाण्या असतात, तरी जा. एकाच झोपडीत तीन संस्थांच्या तीन कुबड्या आणि शेजारच्या झोपडीत काहीच नाही, हे मी पाहिलंय.

आणि बांगलादेशात मुळीच रिकाम्या पाटीवर लिहायचं नाहीये. ढाक्याजवळ सावारला सेंटर फॉर द रिहॅबिलिटेशन ऑफ द पॅरलाइज्ड आहे, तिथे सगळे सीआरपी म्हणतात. व्हॅलरी टेलर ही ब्रिटिश फिजिओथेरपिस्ट १९६९ मध्ये चितगावजवळच्या चंद्रघोना इथल्या रुग्णालयात आली, आणि १९७९ मध्ये तिने ढाक्याच्या एका सरकारी रुग्णालयाच्या पडक्या गोदामांत चार पेशंट घेऊन हे काम सुरू केलं. आज तिथे फिजिओ शिकून बाहेर पडतात, आणि व्हीलचेअरही बनतात. तुझे तीन फिजिओ बहुधा तिथलेच किंवा तिथल्यांनी शिकवलेले असतील. तू त्यांना शिकवायला चालली आहेस असं मनात असेल तर ते नाशिकलाच ठेवून जा. त्यांना कण्याचे पेशंट तुझ्यापेक्षा जास्त कळतात. तुझा पगार मात्र त्यांच्यापेक्षा जास्त असणार आहे आणि हे त्यांना माहीत असणार आहे. त्यावर उपाय नाही, पण त्यांच्या सल्ल्याने काम केलंस आणि अहवालात त्यांचं नाव लिहिलंस तर बोच कमी होते.

व्हीलचेअरकडे येऊ, कारण तीनशेचा आकडा मला आठ हजारापेक्षा जास्त टोचतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये व्हीलचेअर देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या : नोंद, तपासणी, कोणती खुर्ची ते ठरवणं, पैशाची सोय आणि मागणी, खुर्ची तयार करणं, मापात बसवणं, वापरायला शिकवणं, मग देखभाल-दुरुस्ती. वाटपाच्या कार्यक्रमात यातल्या पहिल्या आणि सहाव्या पायरीच्या मध्ये फक्त टाळ्या असतात. उखिया आणि टेकनाफ मिळून ३३ छावण्या आहेत, आणि त्यातल्या कितीतरी टेकड्यांवर. २५ ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांत म्यानमारमधून सात लाखांहून जास्त माणसं आली, जंगल तोडून जमेल तिथे झोपड्या उभ्या राहिल्या. तिथे चाकं चालतील अशा वाटा थोड्या. मला विचारशील तर तीनशेतल्या शंभर-सव्वाशे खुर्च्या नीट मापाच्या, उशीसकट दे. उरलेल्या पैशातून संडासाची खुर्ची, बांबूचे कठडे, दोन पायऱ्यांच्या जागी उतार, आणि पेशंटला केंद्रावर आणायला टमटमचं भाडं. तिकडे बॅटरीच्या रिक्षेला टमटमच म्हणतात. भाड्याची बाब प्रस्तावात नसते, आणि पेशंट न येण्याचं निम्मं कारण तेच असतं.

खुर्ची निवडताना चाक घेऊन बाजारातल्या रिक्षा दुरुस्त करणाऱ्याकडे जा. हे टायर, ही ट्यूब, ही बेअरिंग तुझ्याकडे मिळतात का, असं विचार. तो "हो" म्हणाला तर ती खुर्ची घे. तो मिस्त्री तुझ्यानंतरही तिथे असणार आहे.

मोजायचं काय, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण साहेब विचारतील. रोजची कामं किती जमतात ते मोजणारा बार्थेल इंडेक्स वापर, तीन मीटर चालून परत येण्याची चाचणी वापर, देणगीदारांना ती नावं ओळखीची असतात. पण माझी एक जुनी अडचण ऐक. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शिकत होते, आम्हाला सोलापूरला मदतीला पाठवलं होतं. प्लास्टर निघालेल्या एका बाईचा गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकत होता. आमच्या सरांनी मान डोलावली, पुस्तकात नव्वद पुरेसे होते. ती बाई म्हणाली, "बाई, मला उकिडवं बसता येईना, चुलीपुढं बसता येईना, परसाकडं कशी जाऊ?" नव्वद अंश खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी पुरेसे असतात. कॉक्स बाजारलाही संडास उकिडवं बसायचे आहेत, स्वयंपाक जमिनीवर आहे, नमाजात गुडघे दुमडायचे आहेत, वाटपाच्या जागेवरून गॅसचं सिलिंडर टेकडीवर न्यायचं आहे. बार्थेलमध्ये यातलं फारसं सापडायचं नाही. म्हणून पेशंटलाच तीन कामं सांगायला सांग, जी त्याला आत्ता जमत नाहीत आणि जमायला हवीत. प्रत्येकाला शून्य ते दहात गुण, सुरुवातीला आणि शेवटी. पेशंट-स्पेसिफिक फंक्शनल स्केल म्हणजे एवढंच, तू कॉलेजात शिकली आहेस. गुण आकड्यात सांगता आले नाहीत तर दहा खडे ठेव. जेवढं जमतं तेवढे खडे उचलू दे.

खड्यांचं बोलले कारण तिथे कागद फारसा उपयोगी नाही. रोहिंग्या भाषा बहुतेकांना लिहिता-वाचता येत नाही, तेव्हा व्यायामाची छापील पानं खोपटातल्या फटी बुजवायला जातील. बोलण्याचाही घोळ आहे. रोहिंग्या चितगावच्या बोलीच्या जवळची, ढाक्याच्या बंगालीपासून लांब. सावारहून आलेल्या तुझ्या फिजिओलाही पेशंटचं दुखणं अर्धंच कळेल. तुझे सहा स्वयंसेवक तिथे कामाला येतात. त्यांना ओझी वाहणारे समजू नकोस. निर्वासितांना तिथे रीतसर नोकरी करता येत नाही, मानधनावरच काम चालतं. पण प्रकल्प संपल्यावर छावणीत उरणारे तेच आहेत. सहापैकी निदान तीन बायका असू देत. बायका पेशंटना पुरुष फिजिओ हात लावू शकणार नाही, आणि फक्त पुरुष नेमलेस तर तुझ्या पाचशेत बायका सापडणारच नाहीत. छावणीतल्या प्रत्येक ब्लॉकचे प्रमुख असतात, त्यांना तिथे 'माझी' म्हणतात. त्यांच्याशी गोडीत राहा. पण पेशंटची यादी त्यांच्याकडूनच घेऊ नकोस, तीत त्यांचे भाऊबंदच भरतात.

एकेकाळी मी अपंग माणसांना 'लाभार्थी' म्हणून पाहायचे. काबूलमध्ये रेड क्रॉसच्या ऑर्थोपेडिक केंद्रात अल्बेर्तो कैरो हा इटालियन फिजिओ १९९० पासून काम करतो. त्याने कृत्रिम पाय बसवणाऱ्यांपासून हिशोबनिसापर्यंत जागा अपंगांनाच द्यायचं ठरवलं. नुकताच पाय गमावलेला माणूस दारातून आत येतो तेव्हा त्याला भेटणारा प्रत्येक जण स्वतः त्यातून गेलेला असतो. तुझ्या सहांत असं एक तरी माणूस असू दे.

शंभर घरच्यांचं प्रशिक्षण ठेव, ते चांगलं आहे. पण दोन दिवसांचा वर्ग, चहा-बिस्किट, प्रमाणपत्र असं करू नकोस. चार गोष्टी निवड आणि त्या त्यांच्याच झोपडीत, त्यांच्याच माणसावर, त्यांच्या हातून करून घे. पडून असलेल्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं आणि पाठीची, टाचांची कातडी बघायची. कापलेल्या पायाखाली उशी ठेवायची नाही. दुखतं म्हणून आई प्रेमाने ठेवते आणि गुडघा वाकलेलाच आखडतो, मग कृत्रिम पाय बसतच नाही. भाजलेल्याला ज्या स्थितीत बरं वाटतं त्याच स्थितीत कातडी आखडते, म्हणून उलट बाजूला ताणून ठेवायचं. मान आवरता न येणाऱ्या मुलाला आडवं करून भरवायचं नाही. एवढंच. आठवड्याने परत जाऊन "दाखवा" म्हणायचं. ज्याने करून दाखवलं त्याचंच नाव शंभरात धर.

एक गोष्ट कुणी तुला सांगणार नाही, कारण ती कुठल्याच रकान्यात बसत नाही. तो किनारा चक्रीवादळांचा आहे. मे २०२३ मध्ये मोखा आलं तेव्हा त्या झोपड्यांची काय अवस्था झाली असेल ते डोळ्यांपुढे आण. छावण्यांत इशाऱ्याचे झेंडे लागतात, स्वयंसेवक भोंगे घेऊन फिरतात. पण ज्याला उठताच येत नाही त्याने तो झेंडा बघून काय करायचं? कोणत्या ब्लॉकमध्ये, कोणत्या झोपडीत न चालणारं माणूस आहे आणि त्याला उचलायला किती जण लागतील, हे तुझ्या वहीत असेल, दुसऱ्या कुणाकडेही नसेल. एप्रिलच्या आत, घरच्यांना विचारून, ती यादी वादळाच्या स्वयंसेवकांकडे पोहोचव. वर्षभरात दुसरं काही धड झालं नाही तरी हे कर. हो, आणि फोटो विचारल्याशिवाय काढू देऊ नकोस. पाहुणे येतील, मोबाइल काढतील, तू मध्ये उभी राहा.

आता तुझ्या एक्सेलच्या भीतीबद्दल. ती खरी आहे. पहिले दोन महिने तू सह्यांच्या मागे पळशील आणि रात्री रडशीलही. त्यानंतर आठवड्यातली एक सकाळ स्वतःसाठी राखून ठेव आणि घरभेटीला फिजिओच्या मागून जा. पिशवी तू धर, पेशंट तपासणं फिजिओवर सोड, सांगितलं तर हात लाव. वहीतल्या रेघा खऱ्या आहेत की नाहीत हे तिथेच कळतं. वरच्या टेकडीवरच्या नोंदी आठवड्याला किती आहेत हा एकच आकडा मी रोज बघितला असता. तो घसरला की समज, काम उताराला लागलं.

आईला काय सांगायचं हे मला नीटसं कळत नाही. माझ्या आईला मी कधीच पटवू शकले नाही, ती फक्त नंतर विचारायची थांबली. क्लिनिक मात्र बंद करू नकोस. एखादी ज्युनिअर बघ, भाडं निघेल एवढ्यावर चालवायला दे, पाटी तुझीच राहू दे. वर्षाने परत येशील तेव्हा पहिला महिना तू कामाची राहणार नाहीस हे धरून चाल, आणि आईला तेही आत्ताच सांग.

निघायच्या आधी गमबूट घे, नाशिकमध्येच घे, बायकांच्या मापाचे तिकडे मिळतील या भरवशावर राहू नकोस. पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात, कागदपत्रं सहीला गेलेली असताना, कॉक्स बाजारच्या बाजारात जाऊन कुबडीच्या टोकाला लावायची रबरी बुचं कुठल्या मापात मिळतात ते बघून ये. एक कुबडी सोबत घेऊन जा. मिळाली तर दुकानदाराचा नंबर घे आणि सहाही स्वयंसेवकांना दे. मिळाली नाहीत तर मला कळव, सोलापूरला माझ्या ओळखीचा एक रबरवाला आहे.

तुझी,
ताई